विचारणा-वही

बोटीनं माझी दोन बोटं घेतली,
आणि पालिकेनं बदल्यात किल्ली दिली :
मासळी-कारखान्याच्या डोक्यावरचं ग्रंथालय,
लाकडी जिना, एक हीटर, अकरा कपाटं,
आणि मार्यूनबाईंच्या हातची जाडजूड वही.

"पुस्तकांची नोंद आता यंत्र ठेवतं," त्या म्हणाल्या.
"यात फक्त लोक काय विचारतात ते लिही.
उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल."
आणि साडेचारच्या बोटीनं मुलीकडे राहायला गेल्या.

फेरो बेटांच्या नकाशावर आमचं गाव
नाव लिहिण्याइतकं मोठं नाही.
माणसं चारशे. मेंढ्या दुप्पट.
डिसेंबरात उजेड येतो तो परक्या पाहुण्यासारखा,
कोट न काढता बसतो, लगेच उठतो.

पहिल्या रात्री वही उघडली.

"दातांचा डॉक्टर कोणत्या बोटीनं येणार?"
"मेंढीच्या कानावरची ही खूण कुणाच्या घरची?"
"कोपनहेगनला आता किती वाजले? मुलगा उठला असेल का?"
"कराच्या फॉर्मवर विधवेनं कुठल्या चौकटीत फुली मारायची?"
"हे पत्र जरा वाचून दाखवता? चष्मा घरी राहिलाय."
(खाली, बारीक अक्षरात : चष्मा खिशातच होता.)

"इथं थोडा वेळ बसलं तर चालेल?"
हा प्रश्न सतरा वर्षांत चारशे बारा वेळा.
मी मोजले. मला तरी दुसरं काय काम होतं.

मग माझं अक्षर सुरू होतं.
तीन बोटांनी धरलेलं पेन, मुंग्यांची रांग चुकल्यासारखं.

जूनमध्ये नोंगनुच आली, हानुसची थायलंडहून आलेली बायको,
खालची पाळी संपवून, बाह्यांना कॉड माशाचा वास.
खिडकीकडे हात करून विचारलं,
"डोंगराच्या कमरेपर्यंतच येतं ते धुकं,
त्याला काय म्हणतात?"

मी एक शब्द सांगितला.
वर्तमानपत्रामागून स्यूर्दुर खेकसला, "चूक. ते खाडीवरचं."
त्याच्या समोरच्या टेबलावरून हेल्गी म्हणाला,
"खाडीवरचं वेगळं. माझा बाप त्याला..."
आणि तिथंच थांबला,
कारण कुरणाच्या कुंपणावरून ते दोघं
नव्वद सालापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

नोंगनुचला हे कुणी सांगितलं नव्हतं.
ती पेन्सिल धरून हेल्गीकडे बघत राहिली.
"तुमचा बाप त्याला?"

बंद करायची वेळ होऊन गेली तेव्हा
तिच्या कागदावर धुक्याचे नऊ शब्द होते,
त्यातल्या दोनांवर अजून भांडण बाकी.
समेट वगैरे काही झाला नाही.
पण दुसऱ्या दिवशी दोघंही
दार उघडायच्या आधीच जिन्यात उभे,
प्रत्येकाच्या काखेत आपापला पुरावा.

शरदात राजधानीतून तक्ता आला :
वर्षभरात किती पुस्तकं बाहेर गेली?
खरा आकडा लिहिला. लाजिरवाणा होता.
किती माणसं आत आली, याला रकानाच नव्हता.
मी पत्रबित्र पाठवलं नाही.
वहीत, विधवेच्या प्रश्नाखाली जागा शोधून लिहिलं :
"हे कुठल्या चौकटीत?"

काल वादळ. बोट नाही, टपाल नाही,
नव्या पुस्तकांची पेटी पलीकडच्या धक्क्यावर भिजत.
तरी जिना वाजला.
नोंगनुच होती; हल्ली चहाची किटली तिच्याच ताब्यात.
लोकरीचा गुंडा सोडवता सोडवता,
मान वर न करता, शुद्ध आमच्या बोलीत म्हणाली,
"बोटं कशी गेली?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.
सगळ्यांना माहीत होतं ना.

तारीख घातली. प्रश्न लिहून घेतला.
उत्तर बरंच लांबलं, हीटर थंड होईपर्यंत.
ते काही लिहिलेलं नाही.